आकाशातल्या खाणींचा कायदा आधी करा : महाराष्ट्र आणि गोव्याच्या खासदारांना खुलं पत्र

माननीय खासदार,

सप्रेम नमस्कार.

लोकसभा आणि राज्यसभा मिळून महाराष्ट्राचे ६७ आणि गोव्याचे ३ असे आपण ७० जण संसदेत आमची बाजू मांडता. आज आपल्यापुढे ठेवतो आहे तो लघुग्रहांवरच्या खाणींचा विषय आपल्या मतदारसंघात कुणी काढलेला नसेल, आणि त्यावर कुठे मोर्चाही निघालेला नाही. तरीही तो आपल्या टेबलावर येणार आहे, आणि तेव्हा घाईत त्यावर हात वर होऊ नयेत म्हणून हे पत्र.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ‘भारतीय अंतराळ धोरण २०२३’ जाहीर केलं. खासगी कंपन्यांना काय काय करता येईल, याची त्यात लांबलचक यादी आहे : उपग्रह, रॉकेट, जमिनीवरची केंद्रं, आणि बरंच काही. त्याच यादीत लघुग्रहांबद्दल एक कलम आहे. कंपन्यांनी लघुग्रहावरची किंवा अंतराळातली साधनसंपत्ती व्यापारी तत्त्वावर काढावी, आणि जी कंपनी ती काढेल तिला ती बाळगण्याचा, मालकीची करण्याचा, वाहून नेण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क राहील, असं ते सांगतं. पुढे एक पुस्ती आहे : हे सगळं लागू कायद्यानुसार आणि भारताची आंतरराष्ट्रीय बंधनं पाळून.

लागू कायदा कुठला? अंतराळ व्यवहारांसाठीच्या विधेयकाचा मसुदा २०१७ साली लोकांसमोर आला होता. त्याचा कायदा झालेला नाही. म्हणजे हक्क लिहून झाला आहे आणि ज्या कायद्याच्या चौकटीत तो हक्क बसायचा, ती चौकटच उभी नाही. उद्या विधेयक संसदेत येईल तेव्हा धोरणातलं हे वाक्य जसंच्या तसं त्यात उतरण्याची शक्यता मोठी आहे. ते तसं उतरू देऊ नका, एवढं सांगण्यासाठी मी लिहितो आहे.

मी डिचोली आणि सांगे तालुक्यांतल्या लोहखनिजाच्या खाणींवर भूवैज्ञानिक म्हणून नोकरी केली. अंतराळशास्त्र हा माझा विषय नाही. पण दगडात धातू किती आहे, तो बाहेर कसा काढतात, लीज कशी मिळते आणि लीज संपल्यावर गावात काय उरतं, हे मी जवळून पाहिलेलं आहे. लघुग्रहांवरच्या खाणकामाबद्दल जे बोललं जातं, ते मी याच नजरेनं वाचतो.

या कल्पनेत मुळात चुकीचं काही नाही. पृथ्वी तापून वितळलेली होती तेव्हा लोखंड जड म्हणून खाली बसलं आणि लोखंडाशी सख्य असलेले प्लॅटिनम, इरिडियम, पॅलेडियम, सोनं यांसारखे धातू बहुतांशी त्याच्याबरोबर गाभ्यात गेले. आपल्या पायाखालच्या कवचात ते नावापुरते उरले. काही लघुग्रहांचंही असंच झालं, पण पुढे टकरींमध्ये ते फुटले आणि त्यांचा आतला धातू उघडा पडला. ज्या लघुग्रहांचं वितळणं झालंच नाही, त्यांत हे धातू सगळीकडे विखुरलेले राहिले. पृथ्वीवर पडलेल्या लोखंडी उल्कांचं विश्लेषण केलं की टनामागे प्लॅटिनम गटातले धातू कित्येक दहा ग्रॅम निघतात. दक्षिण आफ्रिकेत रुस्टेनबर्गच्या खाणींत टनामागे तीन ते सहा ग्रॅम असलं तरी खनिज चांगलं मानतात, आणि त्यासाठी माणसं खोल भुयारात उतरतात. तेव्हा ग्रेड, म्हणजे टनामागे धातूचं प्रमाण, पाहून कुणाला मोह झाला, तर तो का झाला हे मला कळतं.

पण ग्रेड म्हणजे साठा नव्हे. खाणीवर पहिल्या महिन्यात शिकवतात ती गोष्ट ही. चांगल्या उल्केचा एक तुकडा प्रयोगशाळेत आला म्हणून त्याच्या मागे उभ्या असलेल्या डोंगराचा हिशेब मांडता येत नाही. आपल्या देशात खनिज शोधाचे टप्पे ठरलेले आहेत : जी-४ म्हणजे टेहळणी, जी-३ म्हणजे पूर्वेक्षण, जी-२ म्हणजे सर्वसाधारण अन्वेषण आणि जी-१ म्हणजे सविस्तर. किती अंतरावर किती बोअर मारले, किती नमुने घेतले, यावरून टप्पा ठरतो आणि त्यावरून लिलाव कशाचा करायचा हे ठरतं. या मोजपट्टीवर कुठलाही धातूचा लघुग्रह ठेवून पाहा. आजवर एकाही धातूच्या लघुग्रहाचा चमचाभर नमुना कुणी आणलेला नाही.

‘सायकी’चं उदाहरण घ्या. १८५२ साली सापडलेला, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास व्यासाचा हा लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात फिरतो. त्याची किंमत एकावर एकोणीस शून्यं इतके डॉलर आहे, असं वर्षानुवर्षं छापून येतं. साऱ्या जगाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ही साधारण एक लाख पट झाली. हा आकडा काढताना अख्खा सायकी लोखंड-निकेलचा धरलेला आहे आणि आजच्या बाजारभावानं गुणलेला आहे. पुढच्या मोजमापांत सायकीची घनता घनसेंटीमीटरला चार ग्रॅमच्या आसपास निघाली. लोखंडाची जवळजवळ आठ असते. म्हणजे तो बहुधा धातू आणि दगड यांचं मिश्रण आहे, आणि कदाचित आत पोकळ्याही असतील. खरं काय ते नासाचं यान सांगेल. ते १३ ऑक्टोबर २०२३ रोजी निघालं आणि तिथे पोचायला २०२९ उजाडणार आहे. ते नुसतं भोवती फिरून पाहणार आहे, उतरणार नाही.

आकड्यावर भाळण्याचा हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात सव्वा किलोमीटर रुंदीचं एक विवर आहे. डॅनियल बॅरिंजर या खाण अभियंत्यानं १९०३ साली ‘स्टँडर्ड आयर्न कंपनी’ काढली, कारण विवराच्या तळाशी कोट्यवधी टन लोखंड पुरलेलं असणार अशी त्याची खात्री होती. तो पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं तिथे खणत राहिला. १९२९ साली मोल्टन या खगोलशास्त्रज्ञानं गणित मांडून दाखवलं की आदळलेला गोळा बॅरिंजरच्या अंदाजाच्या मानानं फारच लहान होता आणि आदळताक्षणी त्याचा बहुतेक भाग वाफ होऊन गेला असणार. त्यानंतर काही दिवसांतच बॅरिंजर हृदयविकारानं गेला. विवर उल्कापातानं झालेलं आहे, हे त्याचं म्हणणं मात्र खरं होतं, आणि त्याबद्दल विज्ञान त्याचं ऋणी आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर असंच, बेसॉल्टमध्ये झालेलं, एक पूर्णांक आठ किलोमीटर व्यासाचं विवर आहे. तिथे आदळलेल्या लघुग्रहाचाही गोळा म्हणून काही शिल्लक नाही.

आतापर्यंत माणसानं लघुग्रहांवरून काय आणलं ते सांगतो. जपानच्या ‘हायाबुसा’नं २०१० साली ‘इतोकावा’वरून आणलेले कण मिळून एक मिलिग्रॅमसुद्धा भरले नाहीत. ‘हायाबुसा-२’नं डिसेंबर २०२० मध्ये ‘र्‍युगू’वरून ५.४ ग्रॅम आणले. अमेरिकेच्या ‘ओसायरिस-रेक्स’नं २४ सप्टेंबर २०२३ रोजी ‘बेन्नू’वरचे १२१.६ ग्रॅम युटाच्या वाळवंटात उतरवले, आणि त्या मोहिमेचा खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर गेला. ते १२१.६ ग्रॅम सगळे शुद्ध प्लॅटिनम असते, तरी त्यांची किंमत काही लाख रुपये झाली असती. विज्ञानासाठी तो खर्च सार्थकी लागला असं मी मानतो. त्या मातीत अमिनो आम्लं आणि सोडियमचे क्षार सापडले, जे पृथ्वीवर सुरक्षित राहिलेल्या उल्कांमध्ये दिसणं कठीण आहे. पण ती खाण नव्हती.

बेन्नूवर तो नमुना घेताना काय झालं, हे खाणीवर काम केलेल्या प्रत्येकानं वाचावं. २० ऑक्टोबर २०२० रोजी यानाचा हात पृष्ठभागाला टेकला तो काही सेकंदच. पृष्ठभाग टणक असेल या अंदाजानं सगळी आखणी होती. प्रत्यक्षात धान्याच्या राशीत हात जावा तसा तो जवळजवळ अर्धा मीटर आत गेला. नमुन्याच्या डब्यात इतके खडे शिरले की पातळ झडप दगडांमुळे उघडीच राहिली आणि आतला माल बाहेर तरंगू लागला, म्हणून घाईघाईनं तो डबा बंदिस्त करावा लागला. पृथ्वीवर आणल्यावर त्याच्या ३५ स्क्रूंपैकी दोन हाती असलेल्या अवजारांनी निघेनात. त्यांच्यासाठी नवीन अवजारं बनवली आणि जानेवारी २०२४ मध्ये तो डबा पूर्ण उघडला. जगातल्या उत्तम अभियंत्यांनी वर्षानुवर्षं तयारी करून केलेल्या एका मुठीच्या नमुन्याची ही कथा.

आता हेच काम टनांच्या हिशेबानं करायचं म्हटलं तर काय लागेल? आमच्या वॉशिंग प्लांटमध्ये ट्रकनं माल ओतला की तो ग्रिझलीवरून, म्हणजे जाड गजांच्या जाळीवरून, खाली पडायचा, क्रशरमध्ये जायचा, लॉग वॉशरमध्ये घुसळला जायचा, स्क्रीनवर चाळला जायचा. बारीक माल पाण्याबरोबर हायड्रोसायक्लोनमध्ये जायचा, जड कण खाली आणि हलकी चिकणमाती वरून टेलिंग पाँडकडे, म्हणजे गाळाच्या तळ्याकडे. यातली जवळजवळ प्रत्येक पायरी वजनावर चालते. बेन्नूसारख्या लघुग्रहावर गुरुत्वाकर्षण जवळजवळ नाहीच. तिथे काही पडत नाही, गाळ बसत नाही, चाळणीवरचा दगड चाळणीवर थांबत नाही. ड्रिल मारायला गेलं तर यंत्रच उलट ढकललं जातं. पाणी उघड्यावर टिकत नाही. भट्टी लावली तर उष्णता नेणारी हवा नाही, ती मोठमोठे पत्रे पसरून प्रारणानं बाहेर टाकावी लागते. पट्टा अडकला की सुपरवायझर हातोडा घेऊन धावतो, तिथे कुणी धावणार नाही, आणि संदेश जाऊन यायलाच कित्येक मिनिटं लागतात.

टनामागे ४० ग्रॅम प्लॅटिनम धरा. एक टन प्लॅटिनमसाठी २५ हजार टन लघुग्रह फोडावा लागेल, तोही सगळा धातू हाती लागला असं मानून, जे कुठल्याच प्लांटमध्ये होत नाही. आज पृथ्वीभोवती फिरणारं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सव्वाचारशे टनांच्या आसपास आहे. म्हणजे तसल्या साठ स्थानकांइतका दगड, आणि तोही निकेल-लोखंडाच्या चिवट मिश्रधातूच्या रूपात, जो क्रशरमध्ये फुटत नाही, कापावा किंवा विरघळवावा लागतो.

या धंद्यात उतरलेल्या कंपन्यांचं पुढे काय झालं, तेही आपल्याला ठाऊक असावं. ‘प्लॅनेटरी रिसोर्सेस’ २०१२ साली मोठ्या गाजावाजात लोकांपुढे आली आणि २०१८ साली ब्लॉकचेनचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीनं ती विकत घेतली. ‘डीप स्पेस इंडस्ट्रीज’ २०१९ च्या सुरुवातीला दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. ‘ॲस्ट्रोफोर्ज’चं ‘ओडिन’ हे यान फेब्रुवारी २०२५ मध्ये एका जवळच्या लघुग्रहाकडे निघालं आणि त्याच्याशी संपर्क तुटला. या लोकांच्या धाडसाबद्दल मला आदर आहे. पण आपल्याकडे उद्या एखाद्या नव्या कंपनीनं असे आकडे दाखवून भांडवल उभारलं, तर नाशिक-सोलापूरच्या पगारदाराची बचतही त्यात जाऊ शकते. लोखंडाच्या खाणीला जो पुरावा मागितला जातो, तो आकाशातल्या खाणीलाही मागा. भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय नागपुरात आहे. साठा म्हणजे काय आणि केवळ अंदाज म्हणजे काय, हे तिथल्या माणसांइतकं काटेकोरपणे देशात कुणाला कळत नाही. अंतराळाच्या कायद्यावर त्यांचं मत कुणी विचारलं आहे का, हा प्रश्न आपण सभागृहात जरूर विचारा.

खरी आशा मला पाण्यात दिसते. र्‍युगू आणि बेन्नूच्या जातीच्या काळ्या, कार्बनयुक्त लघुग्रहांमध्ये खनिजांत बांधलेलं पाणी आहे. ते तापवून काढलं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले, तर यानांना वरच्या वर इंधन मिळेल, पृथ्वीवरून वर चढवावं लागणार नाही. इथे माल खाली आणायचा प्रश्नच उरत नाही, आणि तापवणं हे सूर्यप्रकाशात जमण्यासारखं काम आहे. प्रक्षेपणाचा खर्च घटत चालल्यामुळे हाही हिशेब पुढेमागे हलेल. तरी आधी पाणी, मग लोखंड, आणि प्लॅटिनम सगळ्यात शेवटी, हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो.

समजा, माझे सगळे आक्षेप तंत्रज्ञानानं खोडून काढले आणि चाळीस-पन्नास वर्षांत कुणी खरोखरच हजार टन प्लॅटिनम खाली उतरवलं. जगभरच्या खाणींतून वर्षाला पावणेदोनशे टनांच्या आसपास प्लॅटिनम निघतं, आणि त्यातलं सुमारे सत्तर टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून. हजार टन आल्या दिवशी भाव कोसळतील. ज्या किमतीच्या जोरावर मोहीम निघाली ती किंमतच उरणार नाही, आणि रुस्टेनबर्गच्या भुयारात राबणाऱ्या मजुरांची रोजीरोटी मधल्यामध्ये जाईल. २०१२ आणि पुन्हा २०१८ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा सावर्डे-कुडचडे भागातले ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले बँकेच्या हप्त्यांखाली कसे दबले, ते आम्ही पाहिलं आहे. खाणीवर जगणाऱ्या मुलखाचा धंदा एका फटक्यात जातो तेव्हा काय होतं, याची कल्पना करायला मला दूर जावं लागत नाही.

म्हणून कायद्याकडे येतो. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार कुठल्याही राष्ट्राला अवकाश किंवा तिथला कुठलाही गोल आपल्या मालकीचा करता येत नाही, आणि भारत त्या कराराला बांधील आहे. १९७९ च्या चंद्र करारानं तिथली साधनसंपत्ती मानवजातीचा सामायिक वारसा ठरवली. भारतानं त्यावर १९८२ साली सही केली, पण त्याला मान्यता दिली नाही. अमेरिकेनं २०१५ साली, लक्झेंबर्गनं २०१७ साली, आणि नंतर संयुक्त अरब अमिराती आणि जपाननं आपापले कायदे करून काढलेल्या मालाची मालकी कंपन्यांना दिली. २१ जून २०२३ रोजी भारत अमेरिकेच्या पुढाकारानं झालेल्या ‘आर्टेमिस करारा’त सामील झाला. त्या कराराच्या म्हणण्यानुसार साधनसंपत्ती काढणं म्हणजे आपोआप त्या गोलावर राष्ट्राची मालकी सांगणं होत नाही. आपल्या अंतराळ धोरणातलं ते वाक्य तर अमेरिकी कायद्याच्या शब्दांशी जवळजवळ जुळतं.

आता गोव्यातल्या दोना पावलाकडे पाहा. तिथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ जहाजावरून समुद्रतळाचे बहुधात्विक गोळे वर काढले. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेले हे गोळे. पुढे सागरी कायद्याच्या करारानं देशांच्या हद्दीबाहेरचा समुद्रतळ मानवजातीचा सामायिक वारसा ठरवला, आणि त्याच चौकटीत १९८७ साली मध्य हिंदी महासागरातलं दीड लाख चौरस किलोमीटरचं क्षेत्र भारताला मिळालं. ठरल्याप्रमाणे त्यातलं अर्धं आपण परत केलं, आज ७५ हजार आपल्याकडे आहे. खोल समुद्रासाठीचं प्राधिकरण जमैकात किंग्स्टनला बसतं. अर्ज करणाऱ्यानं सारख्या मोलाची दोन क्षेत्रं दाखवायची, एक प्राधिकरणाकडे राखून ठेवायचं, असा तिथला मूळ नियम आहे. जमिनीवरच्या खाणींतून तेच धातू काढणाऱ्या विकसनशील देशांचं नुकसान होऊ नये, हेही त्या करारात लिहिलेलं आहे. जगात कुठेही त्या खोल पाण्यात अजून व्यापारी खाण सुरू झालेली नाही, पण मालकी कुणाची, हिस्सा कुणाचा, याचे नियम आधी ठरले. भारताला त्या नियमांचा फायदाच झाला. नियम नसते तर तो समुद्रतळ ज्यांच्याकडे आधी जहाजं होती त्यांनी वाटून घेतला असता, आणि १९८१ साली आपल्याकडे एक गवेषणी होती.

मग सहा हजार मीटर खाली एक न्याय आणि आकाशात दुसरा, हे कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर सरकारनं संसदेत द्यावं असं मला मनापासून वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या बाह्य अवकाश समितीत अंतराळातल्या साधनसंपत्तीच्या कायदेशीर बाजूंवर एक कार्यगट काम करतो आहे आणि त्याची मुदत २०२७ पर्यंत आहे. तिथे भारताची भूमिका नेमकी काय आहे आणि ती कुणाला विचारून ठरली, हे आपल्याला माहीत असायला हवं.

हक्क आधी आणि कायदा मागाहून, असं झालं की काय होतं ते गोव्यानं भोगलेलं आहे. इथली माणसं असल्यामुळे गोव्याच्या तीन खासदारांना ते सांगायला नको, पण महाराष्ट्राच्या ६७ जणांसाठी सांगतो. पोर्तुगीज राजवटीनं इथल्या खाणींची कन्सेशनं, म्हणजे खणण्याचे हक्क, दिली ती मुदत न घालता. १९६१ साली गोवा मुक्त झाला. ती कन्सेशनं रद्द करून त्यांच्या लीजा करणारा कायदा संसदेनं केला तो १९८७ साली, म्हणजे २६ वर्षांनी. त्या लीजांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपलेली होती, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ते २१ एप्रिल २०१४ रोजी. मधल्या काळात डोंगर कापले गेले, मांडवीतून बार्जेस भरभरून खनिज मुरगावला गेलं. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगानं नुकसानीचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी रुपये मांडला. २०१५ च्या जानेवारीत लिलाव सक्तीचा करणारा अध्यादेश आला, आणि त्याच्या तोंडावर लीजांची नूतनीकरणं उरकली गेली. २०१८ साली न्यायालयानं ती ८८ नूतनीकरणंही रद्द केली. एकदा दिलेला मोकळा हक्क परत घेण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या. आजही पावसाळ्यात रिजेक्शनच्या, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या, ढिगांवरून लाल पाणी वाहून शेतात उतरतं, आणि भातखाचरात मातीचा जो थर बसतो त्यात बोट खुपसलं तर ते दुसऱ्या पेरापर्यंत जातं.

पण त्याच २०१४ च्या निकालात एक मौल्यवान गोष्ट आहे. खनिज विक्रीच्या रकमेतला दहा टक्के हिस्सा गोव्याच्या कायमस्वरूपी निधीत टाकावा, असा आदेश न्यायालयानं दिला. पुढच्या पिढ्यांसाठी. खनिज एकदाच निघतं, म्हणून त्याचा पैसा एकाच पिढीनं संपवू नये, हे तत्त्व भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं गोव्याच्या लाल मातीवरून मान्य केलं आहे. ते लघुग्रहांना लावायला काय हरकत आहे? तिथे तर कुणाच्या पूर्वजांची जमीन नाही, कुणी तिथे नांगर धरलेला नाही. म्हणजे सगळ्यांचा हक्क अधिकच सरळ झाला.

तेव्हा विधेयक येईल तेव्हा आपण हे मागा. परवानगी एका नेमक्या लघुग्रहासाठी, नेमक्या मुदतीची असावी, आणि काम झालं नाही तर ती आपोआप संपावी. विक्रीचा ठरावीक हिस्सा कायमस्वरूपी निधीत जावा आणि त्यातला काही भाग आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभी राहिल्यावर तिच्याकडे द्यायची तयारी कायद्यातच लिहावी. पहिला नमुना विक्रीला जाण्याआधी त्यातला भाग अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेसारख्या संस्थेकडे यावा आणि त्याचं विश्लेषण सगळ्यांना खुलं असावं. परवान्यांची नोंदवही लोकांना पाहता यावी. गोव्यात लीजांची कागदपत्रं मिळवण्यासाठी माणसांना माहिती अधिकाराचे अर्ज आणि न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, तसं पुन्हा नको.

जबाबदारीचा मुद्दा तर फार मोठा आहे. १९६७ च्या करारानुसार खासगी कंपनीनं अंतराळात केलेल्या कामाला तिचा देश उत्तरदायी असतो. म्हणजे कंपनीचा नफा कंपनीचा, आणि नुकसान झालं तर दार भारत सरकारचं, पर्यायानं करदात्याचं. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं ‘डार्ट’ यान ‘डिमॉर्फस’ या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं, तेव्हा त्याच्या जोडीच्या मोठ्या लघुग्रहाभोवतीच्या प्रदक्षिणेचा वेळ सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाला आणि दगडधोंड्यांचा फवारा अंतराळात उडाला. लघुग्रह हलवता येतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं. पृथ्वीजवळच्या लघुग्रहावर खणताना, स्फोट करताना, टनावारी माल उचलताना त्याची कक्षा बदलली किंवा उडालेले दगड उपग्रहांच्या वाटेत आले, तर कोण भरून देणार? खाण बंद करण्याच्या आराखड्यासाठी जशी आर्थिक हमी आधी घेतात, तशी हमी आणि विमा इथे परवान्याआधीच घ्यायला हवा, आणि कक्षेत बदल होऊ शकेल असं कुठलंही काम स्वतंत्र तपासणीशिवाय करू देता कामा नये.

आणि विज्ञानावर हात आखडता घेऊ नका, ही कळकळीची विनंती. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं ‘चांद्रयान-४’ला २,१०४ कोटी रुपयांची मंजुरी दिली. चंद्रावरून नमुने आणायचं ते तंत्र पुढे लघुग्रहांसाठीही उपयोगी पडेल. चीनचं ‘त्यानवेन-२’ मे २०२५ मध्येच एका लघुग्रहाकडे निघालेलं आहे. १३ एप्रिल २०२९ रोजी ‘अपोफिस’ हा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून, म्हणजे आपल्या दूरसंचार उपग्रहांच्याही आतून जाणार आहे. अशी संधी एका आयुष्यात पुन्हा येत नाही. भारताचं एखादं छोटं यान तरी तेव्हा त्याच्या आसपास असावं, त्यासाठी पैसा आणि निर्णय आत्ताच लागेल. आपण अंदाजपत्रकाच्या चर्चेत हे मागू शकता.

पुढच्या अधिवेशनात तीन प्रश्न अंतराळ विभागाला विचारावेत, एवढं माझं मागणं आहे : धोरणातल्या मालकीच्या कलमाचा आधार कुठला आणि ते लिहिताना कुणाचा सल्ला घेतला, अंतराळ विधेयकात लोकांच्या हिश्शाची तरतूद आहे का, आणि समुद्रतळाच्या बाबतीत घेतलेली भूमिका अवकाशात का सोडली. विधेयक मांडलं गेलं तर ते संयुक्त समितीकडे पाठवण्याचा आग्रह धरा, आणि त्या समितीची एक बैठक दोना पावलाला आणि एक नागपूरला घ्यायला सांगा. तिथे साक्ष द्यायला खाणीतली, समुद्रातली आणि आकाशातली, तिन्ही कामं जाणणारी माणसं मिळतील. मलाही बोलावलंत तर मी येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त खाण-भूवैज्ञानिक
डिचोली, गोवा